पाच खणांचे कोठार

फिलाडेल्फिया शहर मागे टाकून आगगाडी पश्चिमेस निघाली म्हणजे पहिला अर्धा तास प्रवाशाच्या दृष्टीस नवे असे फारसे काही पडत नाही. उपनगरांची छपरे, मोटारींचे तळ, पुन्हा छपरे. मग घरे विरळ होतात, जमीन लाटांसारखी वरखाली होऊ लागते, आणि एका वळणावर असे दृश्य दिसते की गाडी मैलांबरोबर वर्षेही मागे टाकीत आली की काय, असा भ्रम व्हावा. औताला जुंपलेली चार-सहा खेचरे, त्यांच्यामागे रुंद काठाची गवती टोपी घातलेला दाढीवाला शेतकरी, घराशेजारी उंच दोरीवर वाळत असलेले गडद रंगाचे कपडे आणि सडकेने दुडक्या चालीने जाणारी करड्या छपराची घोड्याची बग्गी. हाच पेनसिल्व्हेनिया संस्थानातील लँकेस्टर परगणा. १७२९ साली तो स्थापन झाला. अमिश नावाच्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाची आज टिकून असलेल्यांत सर्वांत जुनी वसाहत येथेच आहे. घरात ही मंडळी जर्मन वळणाची बोली बोलतात, सरकारी तारांवरची वीज घेत नाहीत व स्वतः मोटार हाकीत नाहीत.

आमचे येथे जाणे झाले ते पुतण्याच्या आग्रहावरून. थोरले बंधू आज हयात नाहीत. वहिनी मुलाजवळ असतात. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी ह्या परगण्यात जुने शेतघर व त्यालगतची सहा एकर जमीन घेतली. नोकरी शहरात, परंतु जीव मातीत, असा त्याचा स्वभाव. दहा-बारा मेंढ्या, एक लहान ट्रॅक्टर, गवत कापण्याचे यंत्र, एक लांब गाडा आणि सुतारकामाची हत्यारे एवढा संसार त्याने जमविला होता; आणि हा सारा संसार पावसात भिजत होता. तेव्हा एक कोठार बांधावयाचे ठरले. किती मोठे, एवढाच प्रश्न होता. आणि ह्या 'एवढ्याच' प्रश्नाने घरातील चार माणसांत चार मते उभी केली होती. 'काका, तुम्ही या आणि निकाल द्या,' असे त्याने लिहिले होते. निकाल देण्याचा अधिकार आम्हांस कितपत होता, ते पुढे येईलच.

ह्या प्रांतात कोठारांस तोटा नाही. किंबहुना येथील शेतकऱ्याच्या घराकडे पाहण्यापूर्वी दृष्टी जाते ती त्याच्या कोठाराकडे. जुनी कोठारे उताराच्या कडेस टेकवून बांधलेली असतात. खालचा मजला दगडी. त्यात गुरे राहतात. वरचा मजला लाकडी. मागच्या चढावरून भरली गाडी थेट त्यावर नेता येते. तेथे मळणी व्हावी, गवत साठवावे, आणि तेच गवत खाली गुरांपुढे टाकावे. पुढच्या बाजूस वरचा मजला चार-सहा फूट बाहेर काढलेला असतो. त्याच्या छायेत गुरे पावसापासून सुरक्षित उभी राहतात. ही पद्धत स्वित्झर्लंडच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या वसाहतवाल्यांनी आणली, असे जाणते सांगतात. ती पाहून आम्हांस आमच्या कोकणच्या पडवीची आठवण झाली. पावसाने जेथे जेथे माणसाला शहाणे केले, तेथे तेथे छप्पर भिंतीच्या पुढे आले.

परंतु असली दगडी कोठारे बांधण्यास आज दौलत हवी. सामान्य मनुष्य बांधतो ते 'पोल बार्न', म्हणजे खांबी कोठार. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकन शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नव्हता. त्या १९३०च्या दशकात सेंट लुई येथील शेतीव्यवस्थापनाचा व्यवसाय करणारे हॉवर्ड डोन व त्यांचे सहकारी बर्नन पर्किन्स ह्यांनी ही पद्धत नावारूपास आणली, असे मानले जाते. कल्पना अगदी साधी. सलग पाया खणावयाचा नाही, जोते बांधावयाचे नाही. तारायंत्राच्या खांबांस जसे कुजू नये म्हणून औषध पाजतात, तसे औषध पाजलेले खांब जमिनीत खोल पुरावयाचे, त्यांना आडव्या पट्ट्या ठोकावयाच्या, वर कैच्या चढवावयाच्या आणि सगळ्यावर पत्रा मारावयाचा. छपराचा सारा भार कैच्यांतून खांबांवर व खांबांतून थेट भुईत जातो. भिंत केवळ वारा-पाऊस अडविते. मध्ये एकही खांब नसल्यामुळे आतली जागा पूर्ण मोकळी मिळते. खांब किती खोल पुरावा, हे थंडी ठरविते. हिवाळ्यात जमीन गोठते व फुगते, आणि उथळ पुरलेला खांब उचलून टाकते. ह्या भागात गोठण्याची सीमा सुमारे तीन फूट धरतात. म्हणून खांब त्याच्याही खाली, चार फुटांच्या आसपास नेतात.

हे सर्व पुतण्या नकाशा पसरून आम्हांस समजावीत होता. दोन खांबांमधील अंतर त्याने आठ फूट धरले होते. वहिनी शेजारी तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "म्हणजे खणच ना रे?"

खणच! आमच्या पिढीपर्यंत कोकणात घराचे माप कोणी चौरस फुटांत सांगत नसे. अमक्याचे घर पाच खणी, तमक्याचे सात खणी, एवढ्यावर त्याची ऐपत, माणसांचा राबता आणि गणपतीत किती पाने मांडता येतील, हे सारे कळून येई. दोन खांबांमधील जागा तो खण. ज्या हिशेबाने आमच्या पूर्वजांनी घरे बांधली, तोच हिशेब सातासमुद्रापलीकडच्या ह्या कोठारास जसाच्या तसा लागू पडावा, ह्याचे आम्हांस कौतुक वाटले.

पुतण्याच्या मनात आठ खण होते : चाळीस फूट रुंद व चौसष्ट फूट लांब. सूनबाईंच्या मते चार खण पुष्कळ : चोवीस फूट रुंद व बत्तीस फूट लांब. मधला प्रस्ताव पाच खणांचा, तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब. परंतु त्याची बाजू घेणारे कोणी नव्हते. तिन्हींचे अंदाज मागविलेले होते. जमिनीवर खडी घालून, काँक्रीटचा कोबा न करता, चार खणांस २१,५०० डॉलर, पाच खणांस ३१,००० आणि आठ खणांस ५९,००० डॉलर. पुतण्याजवळ साठविलेली रक्कम ३६,००० डॉलर होती.

"काका, दर पाहा," पुतण्या म्हणाला. "लहान कोठार चौरस फुटाला अठ्ठावीस डॉलर पडते, मधले सव्वीस, आणि मोठे तेवीस. मोठे बांधण्यातच खरा फायदा आहे."

त्याचे गणित खोटे नव्हते. चार खणी कोठाराचे क्षेत्र ७६८ चौरस फूट व भोवतालची भिंत ११२ फूट. आठ खणीचे क्षेत्र २,५६० चौरस फूट व भिंत २०८ फूट. क्षेत्र तिपटीहून अधिक वाढते, पण भिंत दुपटीसही पोहोचत नाही. दरवाजे तितकेच, कारागिरांची जा-ये तितकीच. म्हणून आकार वाढला की दर उतरतो. शिवाय त्याला भेटलेल्या प्रत्येक गृहस्थाने एकच सल्ला दिला होता : 'कितीही मोठे बांधा, शेवटी अपुरेच पडते.' कर्ज मिळत होते. 'तेवीस हजारांसाठी कशाला मन लहान करायचे?' असे तो म्हणे.

येथे आम्हांस एक जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तीसएक वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंनी गावी घर बांधावयास काढले, तेव्हा त्यांनीही आम्हांस पत्राने विचारले होते. शिलकेत पाच खणांपुरता पैसा होता. आम्ही शहरात बसून, पगाराच्या भरात, मोठ्या उदारपणे उत्तर लिहिले : 'घर काही पुनःपुन्हा बांधणे होत नाही. नऊ खण घ्या. सणावारी सगळे भाऊ-बहिणी जमू, तेव्हा जागा पुरली पाहिजे.' बंधूंनी धाकट्याचा शब्द मानला. नऊ खण उभे राहिले. त्यापायी हापूसची कलमे गहाण पडली, आणि दोन हंगाम मोहोर गळाला तेव्हा ती गेलीच. सणाला सगळे जमू असे लिहिणारे आम्ही पंधरा वर्षांत चार वेळा गेलो. ह्या गोष्टीचा उच्चार बंधूंनी आमच्यापाशी कधीही केला नाही. तो त्यांचा मोठेपणा.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर पुतण्याने पुन्हा विषय काढला. "बाबांच्या घराला नऊ खण होते. मी आठच म्हणतोय!" तो हसत म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत.

"अरे, नऊ खण बांधले खरे. त्यांतल्या पाच खणांत आपण राहिलो आणि चार खणांचे व्याज भरले. तुला आठवत नसेल, मला आठवते." मग आमच्याकडे वळून त्या अगदी शांत स्वरात म्हणाल्या, "भावोजी, या वेळी आधी मोजा आणि मग बोला."

आम्हांस उत्तर सुचले नाही. सौभाग्यवतींनी पानदानाचे निमित्त करून विषय बदलला. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरावयास गेलो असता शेजारचा वृद्ध शेतकरी भेटला. तो अमिश नव्हे; जन्मभर दुधाचा धंदा केलेला साधा गृहस्थ. त्याचे खांबी कोठार साठ फूट रुंद व एकशेवीस फूट लांब, म्हणजे ७,२०० चौरस फूट. आम्ही कौतुक केले, तसे त्याने दार सरकवून आत नेले. गाई विकून त्याला बरीच वर्षे झाली होती. एका कोपऱ्यात जुनी मोटार, दुसऱ्यात तुटके गाडे. बाकी सगळा अंधार व कबुतरे. वादळाने सैल झालेला एक पत्रा वर वाजत होता. विम्याचा हप्ता आणि कर तो अजून सगळ्याचाच भरीत होता. "भरलेले कोठार खाते तितकेच रिकामेही खाते," अशा अर्थाचे काहीसे तो बोलला. मोठे बांधा म्हणून सांगणारे सर्वांना भेटतात; मोठे बांधून पस्तावलेला मनुष्य सहसा बोलत नाही. आम्हीही तीस वर्षे बोललो नव्हतो.

दुपारी कोठारे बांधणारा अमिश मिस्त्री आला. स्वतः मोटार चालवावयाची नाही म्हणून भाड्याचा चालक घेऊन आला होता. त्याने नकाशाकडे पाहिलेच नाही. त्याने विचारले, "आत काय ठेवायचे आहे? पुढे ठेवाल ते नको, आज आहे ते सांगा." मग फीत काढून प्रत्येक वस्तू मोजली. मागे यंत्र जोडलेला ट्रॅक्टर, भोवती फिरावयास वाट धरून, दहा फूट गुणिले वीस. म्हणजे २०० चौरस फूट. लांब गाडा तेवढाच. गवताच्या चौकोनी पेंढ्या सालीना दोनशे. एक पेंढी चौदा इंच, अठरा इंच व तीन फूट अशा मापाची, म्हणजे सव्वापाच घनफूट. दोनशेंचे १,०५० घनफूट. आठ फूट उंच रचल्यास त्यांस सुमारे १३० चौरस फूट जागा पुरे. एकूण ५३०. जाण्यायेण्याची वाट त्याच्या एकतृतीयांश धरली, म्हणजे ७०० झाले. सुतारकामाला, लांब फळी करवतीच्या अलीकडे-पलीकडे फिरली पाहिजे म्हणून, ४०० हवेत. सगळी बेरीज १,१००.

सूनबाईंचे ७६८ अपुरे ठरले. त्यात करवत आली तर गवत बाहेर राहणार. पुतण्याच्या २,५६० पैकी निम्म्याहून अधिक जागा कबुतरांस जाणार. तीस फूट गुणिले चाळीस फूट, १,२०० चौरस फूट, हे माप आपोआपच पुढे आले.

"पण पुढे वाढवायचे झाले तर?" पुतण्याने विचारले. त्यावर मिस्त्रीने जे सांगितले, ते आम्ही टिपून ठेवले आहे. कारण बांधकाम करू इच्छिणाऱ्या कोणासही ते उपयोगी पडेल. तो म्हणाला, उंची नंतर वाढत नाही. रुंदी वाढविणे म्हणजे कैच्या बदलणे, म्हणजे छप्परच नवे करणे. फार तर बाजूस उतरते छप्पर जोडता येते. लांबी मात्र केव्हाही वाढते : टोकाची भिंत काढावी, खांब पुरावे, त्याच मापाच्या कैच्या चढवाव्या. तेव्हा पैसा थोडा असेल तर तो आज उंची व रुंदी ह्यांवर खर्च करावा आणि लांबी उद्यावर ठेवावी. दहा फूट उंचीचे दार हवे असेल तर छपराची कड बारा फुटांवर घ्यावी. तेथे काटकसर करू नये. लांबीच्या टोकास जमीन मोकळी व सपाट ठेवावी. तेथे विहीर, झाड, गटार काही आणू नये.

चौरस फुटांत विचार करणाऱ्यास हे सुचत नाही. खणांत विचार करणाऱ्यास सुचते. आमच्याकडेही आजोबांनी तीन खण बांधावे, वडिलांनी दोन जोडावे आणि नातवाने पडवी काढावी, अशीच घरे वाढत. आढ्याची उंची पहिल्यानेच धरीत, लांबी पिढीनुसार.

सायंकाळी सौभाग्यवतींनी युक्ती काढली. मांडव घालताना करतात तसे खुंट्या ठोकून, सुतळी ताणून, गवतावर कोठार आखावे. चारी माणसे कामास लागली. सुतळीच्या आत ट्रॅक्टर आणून उभा केला, गाडा ढकलीत आणला, खोक्यांनी पेंढ्यांची जागा दाखविली. पुतण्या ट्रॅक्टरवरून वळण घेऊन दाराच्या जागेतून बाहेर गेला व परत आला. मग त्याच्याच हट्टास्तव आठ खणांची सुतळी ताणली. त्या चाळीस फूट रुंद, चौसष्ट फूट लांब पटांगणाच्या मध्यावर तो एकटा उभा राहिला. बराच वेळ इकडे-तिकडे पाहत राहिला आणि मग काही न बोलता स्वतःच खुंट्या उपटू लागला.

"काका, तुम्ही काय म्हणता?" त्याने विचारले. त्या वेळी आम्ही त्याला त्या जुन्या पत्राची गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊक नव्हती. वहिनींनी कधी सांगितली नव्हती. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा म्हणायचे, घर मोठे झाले ते सगळ्यांसाठी." आमचे डोळे भरून आले. वहिनी सुतळी गुंडाळीत होत्या, त्या म्हणाल्या, "सुतळी भिजवू नका, पुन्हा लागेल."

निर्णय झाला तो असा. रुंदी तीस, उंची बारा, लांबी आज चाळीस. म्हणजे खण पाच. पूर्वेकडे आणखी तीन खणांची जागा मोकळी. संपूर्ण जमिनीस चार इंचांचा कोबा घातला तर चारशे घनफूट, म्हणजे चार ब्रास काँक्रीट लागते. त्याऐवजी सुतारकामाचे दोनच खण, म्हणजे ४८० चौरस फूट, पक्के करावे. त्यास एक ब्रास साठ घनफूट पुरतात. ट्रॅक्टर, गाडा व गवत ह्यांचे तीन खण खडीवरच राहू द्यावे. मात्र विजेच्या तारेची नळी आधीच पुरून घ्यावी, म्हणजे पुढे कोबा फोडावा लागणार नाही. ३१,००० कोठारास, उरलेल्या ५,००० त कोबा व नळी. कर्ज नाही.

अर्जाच्या वेळी ह्या लहान आकाराचा आणखी एक लाभ कळला. ह्या परगण्याचे पाणी सस्क्वेहाना नदीतून चेसापीक उपसागरास मिळते. म्हणून छपरासारखे, पाणी न मुरू देणारे क्षेत्र वाढले, की पावसाच्या पाण्याची वाट कशी लावणार, ते गावच्या कचेरीस दाखवावे लागते. छप्पर जितके मोठे, तितका हा व्यापही मोठा.

आम्ही परतल्यावर शरद ऋतूत कोठार उभे राहिले. खांब पुरण्यापासून पत्रा चढेपर्यंत थोड्याच दिवसांत काम आटोपले, असे पुतण्याने कळविले. हिवाळ्यात मेंढ्यांना कोरडे गवत मिळाले. 'जागा अपुरी पडते का?' असे आम्ही विचारले. त्याने लिहिले, 'थोडी पडते. म्हणून तुटका गाडा विकून टाकला.'

वाचकांपैकी कोणी गोठा, वखार वा घर बांधण्याच्या विचारात असतील, त्यांस सल्ला देण्याचे धाडस आम्ही आता करीत नाही. एवढेच सुचवितो की, आहे ते आधी मोजावे, सुतळी ताणून पाहावे आणि व्याज कोणत्या खणाचे भरणार आहोत, ते स्वतःस विचारावे.

पूर्वेकडील तीन खणांच्या मोकळ्या जागेत वहिनींनी ह्या उन्हाळ्यात लाल भोपळ्याचे वेल लावले आहेत. पुतण्याने छायाचित्र पाठविले आहे. वेल कोठाराच्या भिंतीवर चढू लागले आहेत, आणि त्यांच्या कडेने चार खुंट्या अजून तशाच उभ्या आहेत.